न्हाणीघरांतील पंखा आणि त्याच्या तीन तारा

पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांतून न्हाणीघरांतील वाफ हा कधीं प्रश्न होऊन बसला नाहीं. न्हाणीघर मागील दारीं असे, त्यावर कौलें असत, बंब बाहेर पेटे, आणि दाराच्या फळ्यांतून बोट जाईल एवढ्या फटी असत. वाफेस जावयास वाट शोधावी लागत नसे. ऊब टिकविणें हेंच अवघड होतें. आजच्या सदनिकेंतील न्हाणीघर अगदीं निराळें. पांच फूट रुंद, सात फूट लांब, नऊ फूट उंच; भिंतींना वरपर्यंत लाद्या; दार घट्ट बसणारें; आणि एकुलती एक खिडकी, तीहि बहुधा इमारतीच्या डक्टांत उघडणारी. घरांतील चार माणसांचीं स्नानें एकापाठोपाठ झालीं कीं ती खोली दुपारपर्यंत सुकत नाहीं. आषाढ-श्रावणांत तर छतावर काळ्या बुरशीचे ठिपके उमटतात, दाराची चौकट फुगते व आरशाचा पारा कडेनें उडूं लागतो. त्यावर उपाय म्हणून खिडकीच्या कांचेच्या दोन-चार पट्ट्या काढून तेथें हवा बाहेर फेंकणारा लहानसा पंखा बसविण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. एक्झॉस्ट फॅन हेंच त्याचें नांव लोकांच्या तोंडीं आहे.

हें काम दिसावयास किरकोळ आहे. वायरमन येतो, अर्ध्या-पाऊण तासांत पंखा बसवितो, बटण दाबून दाखवितो, पंखा फिरतो, आणि मजुरी देऊन गृहस्थ समाधानानें दार लावतात. पंखा फिरला त्या अर्थीं जोडणी बरोबर झाली, असें सर्वांनाच वाटतें. आणि नेमकी हीच समजूत खोटी आहे. ज्या तारेवर बटण असावयास पाहिजे तिच्यावर तें नसलें तरी पंखा फिरतो. जमिनीकडे जाणारी तार जोडलीच नसली तरी फिरतो. तीच तार भलत्याच कामास लावली तरी फिरतो. इतकेंच काय, खोलींतील हवा तसूभर न हलवितांहि तो तितक्याच डौलानें फिरत राहतो.  पंख्याच्या जोडणींतील जीवघेण्या चुका मात्र मुकाट असतात. यास्तव त्या डोळ्यांनीं दिसत नसल्या तरी डोळसपणें कशा ओळखाव्या, हें घरांतील कर्त्या स्त्री-पुरुषांस ठाऊक असणें जरूर आहे. पक्कड हातांत घेण्यासाठीं नव्हे, तर वायरमन घरांत असतांना त्यास चार योग्य प्रश्न विचारतां यावेत एवढ्यासाठीं.

प्रथम विजेचा मार्ग पाहूं जातां असें दिसतें कीं, आपल्याकडे घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते, आणि ती एका तारेनें येऊन दुसरीनें परत जाते. येण्याच्या तारेस वायरमन ‘फेज’ म्हणतात, परतीच्या तारेस ‘न्यूट्रल’. फेजच्या ठायीं दाब असतो. न्यूट्रल ही वीज-कंपनीच्या रोहित्रापाशीं जमिनीस जोडलेली असल्यानें तिच्या ठायीं जवळजवळ नसतो. तिसरी तार ‘अर्थिंग’ची, ती घराच्या आवारांत पुरलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत किंवा नळीपर्यंत जाते व पंख्याच्या धातूच्या अंगास जोडलेली असते. घरांतील पक्क्या तारांत फेज तांबडी, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी, असा आपल्याकडील रूढ संकेत आहे. परंतु रंगावर संपूर्ण विश्वास ठेवूं नये. शिल्लक राहिलेला तुकडा वापरून काम भागविण्याची संवय पुष्कळांना असते, आणि विजेस रंग दिसत नाहीं.

पंख्याचा खप अगदीं थोडा. सहा इंची पंखा सुमारें तीस वॅटचा धरला तर त्यांतून वाहणारा प्रवाह एक ॲम्पिअरच्या सातव्या-आठव्या हिश्शाहून अधिक नसतो. ‘एवढ्याशा पंख्याला काय होतें आहे’ असें जें म्हटलें जातें तें या आंकड्याकडे पाहून. पण माणसाच्या जिवास लागणारा प्रवाह याहूनहि पुष्कळच लहान आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

पहिली मुकी चूक बटणाची. बटण फेजच्या तारेवर असलें पाहिजे. तें तेथें असलें म्हणजे बंद करतांच पंख्यापर्यंत दाब पोंचतच नाहीं. परंतु वायरमननें घाईंत न्यूट्रलची तार बटणांतून नेली व फेज सरळ पंख्यास जोडली, तर काय होतें? बटण बंद केल्यावर परतीची वाट तुटते, म्हणून पंखा थांबतो. पाहणाऱ्यास कोणताहि फरक दिसत नाहीं. परंतु पंख्याच्या गुंडाळींत, त्याच्या जोडाच्या टोकांवर, पूर्ण २३० व्होल्ट दाब तसाच उभा असतो. सहा महिन्यांनीं दिवाळीची साफसफाई निघते. घरांतील कोणी बटण बंद करून, निर्धास्तपणें, ओल्या जमिनीवर स्टूल ठेवून त्यावर चढतें आणि ओल्या फडक्यानें पंख्याची जळमटें पुसूं लागतें. वायरचें टोंक सैल होऊन उघडें पडलेलें असेल, तर त्या बंद पंख्यापासून तितकाच धोका असतो जितका चालू पंख्यापासून. किंबहुना अधिक, कारण चालू पंख्यास कोणी हात लावीत नाहीं.

ही चूक ओळखण्यास दोन मिनिटें लागतात. वायरमननें पंख्याचें झांकण बसविण्यापूर्वीं बटण बंद करून जोडाच्या दोन्ही टोकांस टेस्टर लावून दाखवावा. कोठेंहि तो पेटतां कामा नये. मात्र टेस्टर पेटला नाहीं याचा अर्थ टेस्टरच बिघडला आहे असाहि असूं शकतो. म्हणून जाणता कारागीर आधीं तो चालू असलेल्या खटक्यावर पेटवून पाहतो, मग पंख्यास लावतो, आणि शेवटीं पुन्हां चालू जागीं लावून खात्री करून घेतो. ही तीन पायऱ्यांची रीत जो न सांगतां पाळतो तो वायरमन चांगला, एवढें खुशाल समजावें.

दुसरी गोष्ट तिसऱ्या तारेची. ही तार रोजच्या व्यवहारांत कांहींच काम करीत नाहीं. म्हणूनच ती वगळण्याचा मोह होतो. तिचें काम बिघाडाच्या दिवशीं. वाफेनें व धुळीनें गुंडाळीवरील रोगण खराब झालें, आणि फेजची तार पंख्याच्या लोखंडी चौकटीस आंतून टेकली, तर ती चौकट २३० व्होल्ट दाबावर जाते. खिडकीचीं लोखंडी गजें, त्याला अडकविलेली कपडे वाळत घालण्याची तार, हीं सर्व त्याच दाबावर जातात. अर्थिंगची तार जोडलेली असेल तर हा प्रवाह माणसाची वाट न पाहतां तिच्यावाटे जमिनींत उतरतो. तो पुरेसा मोठा असेल तर वीज-फळीवरील एमसीबी नांवाचा लहान खटका आपोआप पडतो व पुरवठा तुटतो.

‘पुरेसा मोठा असेल तर’ हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. अर्थिंगचा जमिनीशीं रोध वीस ओहम असला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पिअरच प्रवाह वाहील. सहा ॲम्पिअरचा एमसीबी इतक्या प्रवाहानें तत्काळ पडत नाहीं. तापून पडावयास त्यास मिनिटभर वा त्याहून अधिक लागूं शकतें, आणि तोंवर ती चौकट दाबावर असते. दख्खनच्या काळ्या कातळांत, आणि विशेषतः वैशाखांत जमीन सुकल्यावर, वीस ओहम हा आंकडा मुळींच असंभाव्य नाहीं. सबब अर्थिंग असणें अवश्य आहे, परंतु केवळ तेवढ्यानें भागत नाहीं.

याच तारेचा एक दुरुपयोग सांगितलाच पाहिजे, कारण तो वारंवार आढळतो. बटणापासून पंख्यापर्यंत जुन्या नळींतून नवी तार ओढतांना न्यूट्रल कोठेंतरी अडकते, भिंत फोडावयाची तर लादी फुटते, आणि हाताशीं हिरवी तार तयार असते. मग न्यूट्रलच्या जागीं तीच जोडून दिली जाते. पंखा उत्तम फिरतो. पण आतां जी तार बिघाडाच्या वेळीं सुटकेची वाट म्हणून होती, तिच्यांतून रोजचा प्रवाह वाहूं लागतो. ती वाट पुढें कोठें गंजून तुटली, तर पंख्यांतून आलेला दाब मागें पसरून त्याच तारेस जोडलेल्या गीझरच्या टाकीवर, धुण्याच्या यंत्रावर, शीतकपाटावर येऊन बसतो. बिघाड न्हाणीघरांत आणि धक्का स्वयंपाकघरांत, असा प्रकार मग घडतो, व कारण शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

कांहीं पंखे संपूर्ण प्लास्टिकच्या अंगाचे असतात व त्यांवर एकांत एक दोन चौकोन अशी खूण असते. अशा पंख्यांत दुहेरी आवरण असल्यानें अर्थिंग जोडावयास जागाच ठेवलेली नसते, आणि ती नसणें ही चूक नव्हे. तरीहि हिरवी तार त्या जागेपर्यंत आणून तिचें टोंक डबींत सुरक्षित ठेवावें. आजचा पंखा प्लास्टिकचा आहे. पांच वर्षांनीं बसविला जाणारा लोखंडी असूं शकेल.

आतां माणसाच्या शरीराचा हिशोब. कोरडी कातडी विजेस बराच अडथळा करते. परंतु स्नानानें भिजलेल्या, अनवाणी, ओल्या लादीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर, अर्थात् २३० मिलिॲम्पिअर. अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत चार्ल्स डाल्झील नांवाच्या प्राध्यापकांनीं या विषयाचा सखोल अभ्यास केला. हातांत धरलेली तार सोडून देणें माणसाला कोणत्या प्रवाहापर्यंत शक्य होतें, हें त्यांनीं स्वखुषीनें पुढें आलेल्या स्त्री-पुरुषांवर मोजलें. पुरुषांची सरासरी सुमारें १६ मिलिॲम्पिअर भरली व स्त्रियांची साडेदहा. त्यापुढें बोटें आंवळतात आणि मनांत असूनहि सुटत नाहींत. न्हाणीघरांत मिळणारा २३० मिलिॲम्पिअर प्रवाह याच्या कितीतरी पट आहे. आणि हृदयाचा ठोका बिघडविण्यास तो कांहीं क्षणांत पुरा पडतो. उलट सहा ॲम्पिअरच्या एमसीबीच्या दृष्टीनें हा प्रवाह नगण्य होय. त्याला वाटतें, घरांत एखादा दिवा अधिक लागला. एमसीबी हा तारांचा रखवालदार आहे, माणसांचा नव्हे. तार जळूं नये, घरास आग लागूं नये, एवढेंच त्याचें काम. आणि तें तो चोख करतो.

माणसाचा रखवालदार निराळा. डाल्झील यांनीं १९६१ सालीं जें उपकरण बनविलें त्याच तत्त्वावरील उपकरण आपल्याकडे आरसीसीबी या नांवानें मिळतें. त्याची युक्ति मोठी सरळ आहे. तें फेजवाटे गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलवाटे परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतें. गेला तितकाच परत आला तर ठीक. कमी आला, तर उरलेला कोठेंतरी गळतो आहे. कदाचित् चौकटींतून, कदाचित् माणसाच्या अंगांतून. ही तूट ३० मिलिॲम्पिअरवर जातांच जास्तींत जास्त ०.३ सेकंदांत, आणि तूट त्याच्या पांचपट किंवा अधिक असल्यास सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत, तें पुरवठा तोडतें. धक्का बसतो, माणूस दचकतो, पण वांचतो. कातळांतील अर्थिंगचा रोध वीस ओहम असो कीं दोनशें, या उपकरणास फरक पडत नाहीं. एका हातानें फेज व दुसऱ्यानें न्यूट्रल धरणाऱ्यास मात्र तें वांचवूं शकत नाहीं, कारण तेथें गेलेला प्रवाह पुरता परत येतो, आणि उपकरणाच्या हिशोबीं तो माणूस म्हणजे एक पंखाच.

येथें एका प्रचलित गैरसमजाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. नवा पंखा बसविल्यावर आरसीसीबी पडूं लागला, तर दोष त्याच्या माथीं मारून तो काढून टाकण्यांत येतो. ‘फार नाजूक असतो, सारखा पडतो’, असें वायरमन सांगतो व घरच्यांना तें पटतें, कारण अंधारांत बसण्याचा त्रास समोर दिसतो. वस्तुतः तो बहुधा खरें बोलत असतो. न्यूट्रलच्या जागीं अर्थिंग जोडली असेल, तर पंख्याचा सारा प्रवाह, म्हणजे सुमारें १३० मिलिॲम्पिअर, त्याला चुकवून जमिनींत जातो. मग तो पडणारच. ज्या घरीं इन्व्हर्टर आहे तेथें दुसरें कारण असतें. फेज इन्व्हर्टरच्या शाखेवरून घेतलेली आणि न्यूट्रल, जवळ सांपडली म्हणून, दुसऱ्याच शाखेवरून उसनी घेतलेली. प्रवाह एका दारानें बाहेर पडून दुसऱ्या दारानें घरांत येतो, आणि दोन्ही दारांवरील पहारेकऱ्यांचा हिशोब चुकतो. अशा वेळीं तारा तपासून ज्या शाखेची फेज त्याच शाखेची न्यूट्रल जोडणें हाच उपाय. आरसीसीबी काढून टाकणें म्हणजे घरांत धूर झाला म्हणून ओरडणाऱ्या माणसाचें तोंड बांधण्यासारखें आहे.

इन्व्हर्टरचा उल्लेख आला आहे तर आणखी एक सांगून ठेवणें बरें. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं तो असेल. मुख्य खटका खालीं पाडला म्हणजे सारें घर निर्जीव झालें, हा जुना नियम त्या घरांत लागू नाहीं. मुख्य पुरवठा बंद होतांच इन्व्हर्टर जागा होतो व आपल्या शाखांना स्वतः दाब पुरवूं लागतो. न्हाणीघरांतील दिवा व पंखा बहुधा त्याच शाखेवर असतात. काम सुरू करण्यापूर्वीं इन्व्हर्टरहि बंद झाला पाहिजे, आणि त्यानंतर टेस्टर लावून पाहिलें पाहिजे.

प्रत्यक्ष तारा कशा न्याव्या याविषयीं फार लांबण लावण्याचें कारण नाहीं. पंख्याची शाखा दिव्याच्या शाखेवरून घ्यावी. गीझरच्या मोठ्या खटक्यावरून कदापि घेऊं नये. गीझरच्या जाड तारेस राखणारा वीस ॲम्पिअरचा एमसीबी पंख्याची बारीक तार जळून कोळसा झाली तरी जागचा हलत नाहीं. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. बटण दाराबाहेर, ओल्या हातास सहज न लागेल असें, आणि शक्यतर तांबडा बारीक दिवा असलेलें, म्हणजे पंखा आंत चालू राहिला आहे हें जातां-येतां दिसेल. दिव्याच्या बटणावरच पंखा जोडण्याची पद्धत सोयीची दिसते खरी, पण माणूस बाहेर येऊन दिवा मालवतो तेव्हांच वाफ सर्वांत अधिक असते व तेव्हांच पंखा थांबतो. स्वतंत्र बटण असावें आणि स्नानानंतर पंधरा-वीस मिनिटें पंखा चालूं द्यावा.

जोडाविषयीं मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण न्हाणीघरांतील बहुतेक बिघाड जोडापाशींच जन्म घेतात. तारा पिळून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळणें हें बैठकीच्या खोलींतहि वाईटच. न्हाणीघरांत तें अक्षम्य. वाफेनें पट्टीचा डिंक सुटतो, पट्टी उकलते व उघडा पीळ लोंबूं लागतो. जोड स्क्रूच्या कनेक्टरनें, झांकणाच्या डबींत, भिंतीच्या वरच्या भागीं असावा. पंख्याकडे जाणारी तार वरून सरळ आंत शिरूं देऊं नये. ती पंख्याच्या किंचित् खालीं नेऊन मग वर वळवून आंत घ्यावी. वाफेचें पाणी तारेवरून ओघळत येतें, तें या वळणाच्या तळाशीं थेंब होऊन खालीं पडतें, पंख्यांत शिरत नाहीं. पन्हळीच्या टोंकास जी युक्ति तीच ही. पंखा फवाऱ्याच्या डोक्यावर बसवूं नये. आंतरराष्ट्रीय नियमांत फवाऱ्याच्या जागेवरील सवादोन मीटर उंचीपर्यंतचा पट्टा अधिक जोखमीचा धरला आहे. आणि फवारा जवळच असेल तर पंख्याच्या पेटीवर आयपीएक्स४ अशी खूण आहे काय तें पाहावें. त्यांतील चार हा आंकडा, चोहोंकडून उडणाऱ्या शिंतोड्यांपासून आंतील भाग सुरक्षित आहे, असें सांगतो.

विजेस जशी येण्याची व जाण्याची वाट लागते तशीच ती हवेसहि लागते, आणि ही गोष्ट वायरमनच्या ध्यानांत क्वचितच असते. वर सांगितलेल्या मापाच्या न्हाणीघरांत सुमारें नऊ घनमीटर हवा मावते. ती तासांत दहा वेळां बदलावयाची म्हटलें तर तासाला नव्वद घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. बाजारांतील साधारण सहा इंची पंख्याच्या पेटीवरील आंकडा याहून मोठाच असतो. पण तो आंकडा मोकळ्या जागेंतला. दार घट्ट, खालीं पाणी बाहेर येऊं नये म्हणून रबराची पट्टी ठोकलेली, आणि दुसरी फट नाहीं, अशा खोलींत पंखा पांचदहा क्षण हवा ओढतो व मग जागच्या जागीं घुसळीत राहतो. जेवढी हवा बाहेर घालवावयाची तेवढी आंत आलीच पाहिजे. इंग्लंडांतील इमारतींच्या नियमांत ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखालीं १० मिलिमीटर फट ठेवण्यास सांगितलें आहे. आपल्याकडेहि दार तेवढें तासून घ्यावें, किंवा त्याच्या खालच्या भागीं जाळी बसवावी. परीक्षा फार सोपी आहे. दार लावून पंखा सुरू करावा व बाहेरून दाराच्या खालच्या फटीशीं पेटती उदबत्ती धरावी. धूर आंत ओढला गेला तर पंखा खरोखर काम करतो आहे. सरळ वर गेला तर तो केवळ आवाज करतो आहे. बाहेर ढकलला गेला, तर पंखा उलटा बसविला आहे किंवा डक्टांतील वारा आंत शिरतो आहे.

पावसाळ्यांत बाहेरचीच हवा ओली असतां ती आंत घेऊन काय साधतें, अशी शंका पुष्कळांना येते. तिचें उत्तर तापमानांत आहे. स्नानानंतर ३० अंशांवर वाफेनें भरलेल्या एका घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी असतें. बाहेरची हवा २५ अंशांची व नव्वद टक्के ओली असली तरी तिच्यांत २१ ग्रॅमच्या आंतबाहेरच पाणी भरतें. म्हणजे भर श्रावणांतहि बदललेल्या प्रत्येक घनमीटरामागें आठ-नऊ ग्रॅम पाणी बाहेर जातें.

हवेच्या वाटेचा हा विचार जेथें गॅसचा गीझर आहे तेथें केवळ बुरशीपुरता राहत नाहीं. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पुरता जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते, आणि न्हाणीघरांत सारी मिळून नऊ. हवा अपुरी पडूं लागली कीं ज्योत जळत राहते, पण तिच्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघूं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. आधीं डोकें जड होतें, मग पायांतील शक्ति जाते, आणि दाराची कडी काढणें उमगलें तरी जमत नाहीं. हिवाळ्यांत, खिडकी बंद ठेवण्याच्या दिवसांत, अशा दुर्घटनांच्या बातम्या मुंबई, पुणें, नाशिक इकडील वृत्तपत्रांतून येत असतात. ‘आमच्याकडे पंखा आहे’ हें त्यावर उत्तर नव्हे. बंद खोलींतून पंखा हवा ओढूं लागला व आंत यावयास दुसरी वाट नसली, तर धुराच्या नळींतून बाहेर जाणारे वायुच तो खोलींत परत ओढून आणूं शकतो. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागीं असावा व आंत केवळ गरम पाण्याची नळी यावी. पंखा आहे म्हणून तो आंत ठेवला, तर त्या पंख्यापेक्षां कौलारू न्हाणीघराच्या फटी बऱ्या होत्या असें म्हणावें लागेल.

काम कोणीं करावें याविषयीं कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ४५ व्या नियमानें घरांतील दिवा, पंखा, फ्यूज वा बटण जसेंच्या तसें बदलण्याची मुभा ठेवली होती. परंतु नवी शाखा काढणें, वाढविणें, फेरफार करणें हें परवानाधारक ठेकेदाराकडून व परवाना असलेल्या कारागिराच्या हातूनच व्हावें असें सांगितलें होतें. पुढें २०१० व २०२३ सालीं जे नवे नियम आले त्यांतहि हें तत्त्व कायम आहे. जुना पंखा काढून त्याच जोडावर त्याच जातीचा नवा बसविणें निराळें, आणि जेथें कधीं पंखा नव्हता तेथें तारा नेणें निराळें. दुसऱ्या कामास परवाना विचारण्यांत संकोच मानूं नये. डॉक्टराची पाटी वाचूनच आपण आंत जातों.

कारागीर जाण्यापूर्वीं त्याच्याकडून चार गोष्टी समोर करून घ्याव्या. बटण बंद असतांना पंख्याच्या जोडावर टेस्टर पेटत नाहीं हें पाहावें. फेज व अर्थिंग यांमध्यें दिवा लावून पाहतां आरसीसीबी तत्क्षणीं पडतो हें पाहावें. ही परीक्षा त्यानेंच करावयाची, घरच्यांनीं नव्हे. दार लावून उदबत्तीचा धूर कोणीकडे जातो तें पाहावें. आणि पंखा अर्धा तास चालवून त्याचें अंग किती तापतें तें, पुरवठा तोडल्यावर, हात लावून पाहावें. यांपैकीं पहिल्या दोहोंस जो ‘काय गरज आहे, फिरतो आहे ना’ असें म्हणेल, त्याचें काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावें.

पुढें घरच्यांकडे उरतें तें थोडें. आरसीसीबीवर एक लहान बटण असतें; तें महिन्यांतून एकदां दाबावें, म्हणजे आंतील यंत्रणा अडकून बसलेली नाहीं हें कळतें. दाबल्यावर खटका पडला नाहीं तर उपकरण बदलावें. दर तीन-चार महिन्यांनीं पंखा पुसावा. त्यासाठीं बाहेरचें बटण, फळीवरील एमसीबी आणि इन्व्हर्टर हीं तिन्ही बंद करावीं. फडकें पिळून कोरडें घ्यावें, स्टुलाखालील जमीन पुसावी, आणि पात्यांवरील तेलकट धूळ काढतांना बाहेरच्या बाजूची झडप बोटानें उघडून पाहावी. डक्टांत कबुतरें फार झालीं आहेत, आणि एकदां तीं त्या झडपेवर काड्या रचूं लागलीं कीं पंखा फिरत राहतो व वाफ घरांतच राहते.